दोन्या एर्मिलाची साक्ष

कोल्टर गावच्या मुख्य रस्त्यावर 'ला पुएर्ता', म्हणजे 'दार', या शेतमजुरांना मदत करणाऱ्या संस्थेची आता दुमजली इमारत आहे. आत काचेची दालनं, नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र, भिंतीवर देणगीदारांची नावं. दोन्या एर्मिला दर मंगळवारी तिथं जाते. चिठ्ठी घेत नाही, सरळ आत जाऊन बसते. नवीनच लागलेल्या एका पोरीनं तिला एकदा अडवलं होतं. "आजी, तुमचा नंबर कितवा?"

"माझा दुसरा," एर्मिला म्हणाली. "पहिला रूबेनचा होता. तो गेला."

पोरीला काही कळलं नाही, पण तेव्हापासून तिनं पुन्हा विचारलं नाही. खरं तर एर्मिलाचं तिथं आता काहीच काम नसतं. ती जाते, बसते, समोरच्या यंत्राला मनातल्या मनात दोन शिव्या देते आणि घरी येते. शिव्या यासाठी, की ते यंत्र कुणाला कॉफी विचारत नाही.

जुनी 'ला पुएर्ता' म्हणजे बंद पडलेलं न्हाव्याचं दुकान होतं. न्हावी दुकान सोडून गेला तेव्हा त्याच्या दोन खुर्च्या तिथंच राहिल्या, कारण त्या जमिनीत अशा पक्क्या रुतवल्या होत्या की तिघांना लावूनही हलेनात. भिंतभर आरसाही तसाच राहिला. मग रूबेन त्रेविन्यो म्हणाला, राहू देत, लोक बसतील. आणि लोक खरंच बसू लागले. आपली गाऱ्हाणी घेऊन आलेला माणूस न्हाव्याच्या खुर्चीत बसायचा, एर्मिला वही घेऊन त्याच्या शेजारी उभी राहायची, आणि दोघं आरशात एकमेकांकडे बघत बोलायचे. एर्मिलाचं म्हणणं असं, की स्वतःच्या तोंडाकडे बघत थापा मारणं माणसाला जड जातं. पहिल्या वर्षी चारपाच जण खरोखरच केस कापायला म्हणून आले. एकाचे तिनं कापूनही दिले. चांगले नाही झाले.

तेव्हा तिला कुणी मानानं दोन्या म्हणत नसे. ती नुसती एर्मिला होती, सदतीस-अडतीस वर्षांची. शतावरीच्या शेतात पहाटेपासून वाकून वाकून कंबर धरलेली, उन्हाळ्यात चेरी निवडण्याच्या पट्ट्यावर उभं राहून पाय सुजलेले. नवरा अन्सेल्मो पाटाच्या पाण्याच्या पाळ्या बघायचा. दक्षिणेला सीमेपलीकडच्या मिचोआकानातल्या सान हासिंतोहून दोघं १९६९ साली या याकिमाच्या खोऱ्यात आली ती इथलीच झाली. रूबेननं तिला कामावर घेतलं ते तिचं शिक्षण बघून नव्हे, कारण शिक्षण चौथीपर्यंतच होतं. घेतलं ते यासाठी, की खोऱ्यात कोण मजुरांच्या कुठल्या छावणीत राहतो, कुणाची बायको कुणाची बहीण, कुणाचं पोर कुणी बाप्तिस्म्याला हातात धरलं, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. रूबेन मूळचा टेक्सासचा. पोट सुटलेलं, आवाज मोठा, मन लोण्याचं. इंग्रजीत भांडायला एक नंबर, पण त्याची स्पॅनिश ऐकून म्हाताऱ्या बायका तोंडाला शाल लावत.

"रूबेन, तू बोलू नकोस," एर्मिला त्याला सांगायची. "तू बोललास की लोकांना वाटतं आपलीच काहीतरी चूक झाली."

"पगार कोण देतं तुला?"

"तू कुठं देतोस? चार महिन्यांतून एकदा देवाला आठवण होते तेव्हा मिळतो."

तिची कामाची रीत ठरलेली होती. आलेल्या माणसाला आधी दालचिनी घालून उकळलेली कॉफी. अर्धा कप पोटात जाईपर्यंत कामाचं अक्षर काढायचं नाही. मग गाव कुठलं, कुणाचा तू, तुझ्या पोरांना बाप्तिस्म्याला धरणारे कोम्पाद्रे कोण. आणि हे सगळं झालं की मग, "हं, बोल, काय झालंय?" रूबेन घड्याळाकडे बघत येरझारा घालायचा. पण दहा मिनिटांत एर्मिलाला जे कळायचं ते त्याला दहा कागदांतून कळत नसे, हे तोही जाणून होता.

मग तो बिनपरवाना राहणाऱ्यांसाठी माफीचा कायदा आला. १९८२ च्या आधीपासून इथं सलग राहत असल्याचं दाखवा आणि कायम राहण्याचं कार्ड घ्या, असा तो कायदा. खोऱ्यात नुसती झुंबड उडाली. दाखवा म्हणजे काय दाखवा? ज्यांनी सात वर्षं झाडाखाली रोख मजुरी घेतली, छावणीतल्या खोल्यांत सहासहा जण राहिले, ज्यांच्या नावावर ना भाडं ना वीज, त्यांनी काय दाखवायचं? लोक सापडेल ते घेऊन यायचे. कुणी दवाखान्याची चिठ्ठी, कुणी लग्नाचा फोटो, कुणी फुटबॉलच्या सामन्यात मिळालेला कप. एक जण तर बरणीभर राख घेऊन आला.

राखेचं मात्र खरं होतं. १९८० च्या मे महिन्यात ज्वालामुखीचा डोंगर फुटला आणि सगळ्या खोऱ्यावर राख पडली. रविवारची सकाळ होती. बघता बघता अंधारून आलं, रस्त्यावरचे दिवे लागले, कोंबड्या झोपायला गेल्या. त्या दिवशी जो इथं होता तो ते मरेपर्यंत विसरणार नव्हता, आणि जो नव्हता त्याला ते रचून सांगता येत नसे. म्हणून एर्मिला खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला एकच विचारायची, "राख पडली तेव्हा कुठं होतास?" खरा माणूस लगेच सांगायचा, अमक्याच्या छपरावर फावड्यानं राख काढत होतो, तोंडाला बनियन बांधलं होतं. त्यावरून ती साल पकडायची, आणि मग पुढचं मागचं जुळवत जायची. सरकारी कचेरीत राख चालत नव्हती. तिथं साक्षीदाराचं पत्र लागायचं. या माणसाला मी अमक्या सालापासून ओळखतो, असं शपथेवर लिहिलेलं.

फिदेन्सियो बाराहासला ती कधीपासून ओळखत होती? सान हासिंतोत दोघांची घरं भिंतीला भिंत लागून होती. लहानपणी तिनं त्याला बदड बदड बदडलेलं होतं. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान, नाकातून सदा शेंबूड, पेरू चोरण्यात पटाईत. १९७९ च्या वसंतात तो कोल्टरला आला तो तिच्याच दारात येऊन उभा राहिला. "एर्मिला, तुझ्याकडे भाकरी आहे का गं?" ती म्हणाली, "मेल्या, आधी पाय पूस."

पुढं त्याची बायको चायो आली, आणि १९८१ साली नोएमी झाली. पोरीला बाप्तिस्म्याला एर्मिलानं आणि अन्सेल्मोनं हातात धरलं. त्या दिवसापासून सगळं बदललं. आपल्याकडे व्याह्या-विहिणींचं कसं असतं, कालपर्यंतची ओळख असली तरी मुलांची लग्नं झाली की अहो-जाहो सुरू होतं, तसंच हे. पोराचे आईबाप आणि पोराला धरणारे, हे एकमेकांचे कोम्पाद्रे-कोमाद्रे होतात. मग अरेतुरे बंद. भांडण बंद. त्या नात्याच्या आड येईल असं काहीही करायचं नाही. शेंबडा फिदेन्सियो दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी हातात घेऊन दारात उभा. "कोमाद्रे, येऊ का आत?" एर्मिलाला हसू आवरेना, पण तिनंही तोंड गंभीर करून म्हटलं, "या ना, कोम्पाद्रे. बसा." चायो आतून शालीचं टोक तोंडात कोंबून हसत होती. तरी तेव्हापासून एकदाही चूक झाली नाही. सख्ख्या भावाशी एर्मिला भांडली असेल, पण फिदेन्सियोशी नाही.

त्याच्या अर्जाला तिचं पत्र हाच खरा आधार होता. ज्याच्या बागेत त्यानं पहिली चार वर्षं काम केलं तो मालक वारला होता, आणि त्याच्या पोरानं बाग विकून शहर गाठलं होतं. एर्मिलानं पत्र लिहायला दोन रात्री जागून काढल्या. सगळं खरंखरं लिहिलं. १९७९ चा एप्रिल, दारातली भाकरी, राखेचा रविवार, नोएमीचा बाप्तिस्मा. खाली छापील चौकोन होते. साक्षीदाराचं अर्जदाराशी नातं काय? ओळखीचा, शेजारी, मालक, नातेवाईक. एर्मिलानं क्षणाचाही विचार न करता 'नातेवाईक'वर ठसठशीत खूण केली आणि समाधानानं सही ठोकली.

चार महिन्यांनी अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं. रूबेननं ते उभ्यानंच वाचलं.

"हे काय म्हणतायत? साक्षीदार नातेवाईक असल्यानं साक्ष ग्राह्य धरता येत नाही. कोण नातेवाईक? फिदेन्सियोचा इथं कुत्रासुद्धा नातेवाईक नाही!"

"का? मी आहे की," एर्मिला म्हणाली. आवाजात थोडा अभिमानही होता.

 रूबेन मटकन न्हाव्याच्या खुर्चीत बसला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "एर्मिला, तू त्याची कोण?"

"कोमाद्रे."

"ते मला माहीत आहे! रक्ताची कोण?"

"रक्ताचं काय घेऊन बसलास? रक्ताचा माझा भाऊ आहे तो मी मेले तरी येणार नाही."

"अगं बाई, कायद्यात नातं म्हणजे रक्ताचं किंवा लग्नाचं. तिसरं नाही. तू 'ओळखीचा'वर खूण केली असतीस तर आज त्याच्या हातात कार्ड असतं."

 ओळखीचा? ओळखीचा तर तो दुधाची गाडी घेऊन येणाराही होता. कोम्पाद्रेला ओळखीचा म्हणायचं? पण ते सगळं सांगून काय उपयोग होता! फिदेन्सियोच्या म्हाताऱ्या आईला दिसेनासं होत चाललं होतं. गावाहून येणाऱ्या प्रत्येक पत्रात तेच असायचं: पूर्ण अंधार व्हायच्या आत एकदा तुझं तोंड बघू दे. आठ वर्षं त्यानं आईला बघितलं नव्हतं. कार्ड हातात आलं की जाऊन उजळ माथ्यानं परत येता येणार होतं. कार्डाशिवाय गेला तर परतीची वाट वाळवंटातून, आणि त्या वाटेवर सान हासिंतोची दोन माणसं आधीच कायमची राहिली होती. एवढं सगळं तिच्या एका खुणेनं बुडवलं होतं.

त्या दिवशी एर्मिलानं कुणालाच कॉफी विचारली नाही.

रूबेननं फेरविचाराचा अर्ज केला. आणि दुसरं एक केलं: त्यानं एर्मिलाला फर्मान काढलं, की माफीची मुदत संपेपर्यंत एकही बाप्तिस्मा धरायचा नाही. "चौतीस पोरं झाली तुझी! आणखी दहा झाली तर या खोऱ्यात साक्ष द्यायला तू कुणाच्याच उपयोगाची राहणार नाहीस. त्या आचरट चौकोनावर तू पुन्हा खूण करणार नाहीस याची मला खात्री नाही." वसंतात तीन बायका पोटुशा होत्या. तिघींना तिनं नाही म्हटलं, आणि तिघी रुसल्या. शेवटी फादरनं रविवारी तिला गाठून विचारलं, "एर्मिला, तुझं देवाशी काही बिनसलंय का?"

"देवाशी नाही, फादर. रूबेनशी."

एप्रिलमध्ये कचेरीतून बोलावणं आलं. साक्षीदार आणि अर्जदार, दोघांनाही समोरासमोर. आदल्या दिवशी रूबेननं एर्मिलाला खुर्चीत बसवून तासभर पढवलं. विचारलं, हा तुमचा नातेवाईक आहे का, तर म्हणायचं, रक्तानं नाही आणि लग्नानं नाही. बस. वर एक शब्द नको. हे खोटं नाही, कायद्याच्या भाषेत हेच खरं आहे. एर्मिलानं मान डोलावली. आरशात दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडाकडे मात्र तिनं बघितलं नाही. फिदेन्सियोला या पढवण्यातलं काही माहीत नव्हतं, तो छाटणीच्या कामावर होता. त्याला एवढंच कळवलं होतं, की कोट घालून ये.

कचेरीतली बाई वाईट नव्हती. पुस्तकातून शिकलेली स्पॅनिश बोलायची, सावकाश, प्रत्येक शब्दाची माफी मागितल्यासारखी. तिनं एर्मिलाला उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावली. देवासमक्ष. शेजारच्या खुर्चीत फिदेन्सियो बसला होता. अन्सेल्मोचाच कोट त्यानं घातला होता, बाह्या आखूड होत होत्या. एर्मिलानं राखेचा दिवस सांगितला, भाकरीचं सांगितलं. बाई लिहीत होती. मग तिनं पेन खाली ठेवलं.

"पहिल्या पत्रात तुम्ही नातेवाईक असं लिहिलंय. हे गृहस्थ तुमचे कोण लागतात?"

पढवलेलं सगळं एर्मिलाच्या डोक्यातून उडून गेलं. रक्त, लग्न, काही आठवेना.  नाही म्हणायचंय एवढंच तिला आठवत होतं. आणि ती म्हणाली, "कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही, बाई. माझा याच्याशी काही संबंध नाही."

बाईनं ते लिहून घेतलं. फिदेन्सियोनं मान खाली घातली आणि तो हातातली टोपी गोल गोल फिरवत राहिला. बाहेर आल्यावर त्यानं एर्मिलासाठी गाडीचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "बसा, सेन्योरा."

सेन्योरा. बाजारात मिरच्या विकणारीला म्हणतात ते.

जूनमध्ये त्याला कार्ड मिळालं. रूबेननं दुकानात नाच केला. फिदेन्सियोनं त्याचा हात हातात घेऊन पुन्हा पुन्हा आभार मानले, आणि एर्मिलापुढं वाकून म्हणाला, "तुमचे उपकार झाले, सेन्योरा साल्गादो." आडनावासकट! त्यानंतर तो तिच्या दारात आला नाही. रस्त्यात चायो दिसली की पोरांना घेऊन पलीकडच्या बाजूला जायची. चर्चमध्ये ती सगळी नेहमीच्या बाकावर न बसता पाच बाकं मागं बसू लागली. नाताळात एर्मिलानं मक्याच्या पानात गुंडाळलेल्या तिकोनी कोरुंदा ताटभर पाठवल्या. ताट परत आलं ते घासूनपुसून, रिकामं. रिकामं ताट परत करणं म्हणजे काय ते सान हासिंतोच्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एर्मिला रडली नाही, तिला राग आला. आधी फिदेन्सियोचा, मग स्वतःचा. त्याच्यासाठीच केलं ना मी? मग लगेच मनात यायचं, तो तरी काय करेल बिचारा, देवासमक्ष हात वर करून त्याच्या तोंडावर म्हटलंस की संबंध नाही. रूबेन सांगत होता तसं साधं बोलली असतीस तर? पण नाही, बाईसाहेबांना जोर चढला होता. ती पापाची कबुली द्यायलाही गेली. फादरनं सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ विचार केला, आणि हे पाप आहे की नाही ते आपल्याला नक्की सांगता येत नाही, तेव्हा खबरदारी म्हणून तीन वेळा जपमाळ म्हण, असं सांगितलं. तिनं नऊ वेळा म्हटली. अन्सेल्मो त्याच हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेला. दफनाला फिदेन्सियो आला, त्यानं पेटीला खांदा दिला, आणि लांब, गर्दीच्या मागं जाऊन उभा राहिला. एर्मिलाला त्या दिवशी एका माणसानं एका शब्दानं हाक मारायला हवी होती. त्यानं मारली नाही.

सगळ्यांत जास्त लागलं ते पुढंच. मे महिन्यात नोएमीला चर्चमध्ये पहिला प्रसाद मिळायचा होता. पांढरा झगा, मेणबत्ती, डोक्यावरची जाळी, हे सगळं बाप्तिस्म्याला धरणाऱ्या माद्रिनानं करायचं असतं. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. एर्मिलानं डिसेंबरातच कापड आणून ठेवलं होतं. मार्चमध्ये कापडवालीनं सहज सांगितलं, की चायो स्वतःच येऊन तीन वार पांढरं घेऊन गेली. एर्मिला घरी आली आणि आपलं कापड तिनं पेटीच्या तळाशी घालून टाकलं.

फिदेन्सियो त्या आधीच, जानेवारीत, गावाला जाऊन आला होता. आईला अजून थोडं दिसत होतं, खिडकीकडे तोंड करून धरलं तर चेहरा ओळखू यायचा, असं लोकांकडून एर्मिलाला कळलं. त्याच्याकडून नाही.

मार्चच्या शेवटच्या शनिवारची गोष्ट. सकाळी दुकानात गर्दी नव्हती. एर्मिला आरशाच्या मागच्या खोलीत होती, पूर्वी जिथं न्हावी टॉवेल धुवायचा तिथं, कॉफी उकळत. दाराची घंटा वाजली. पावलांवरूनच तिला कळलं कोण आलंय. ती तिथंच थांबली.

"दॉन रूबेन, जरा एक विचारायचं होतं," फिदेन्सियोचा आवाज आला. हळू, इकडंतिकडं बघितल्यासारखा. "माझं नाही. असंच एकाचं."

"बोल."

"शपथेवर खोटी साक्ष दिली तर किती वर्षं आत टाकतात?"

"कुणी दिली?"

"कुणी नाही. समजा एका बाईनं दिली. समजा चांगल्यासाठीच दिली. आणि समजा, नंतर कुणाच्या कानावर गेलं की ते खोटं होतं. किती वर्षांनी भीती जाते? एक वर्ष पुरतं का?"

 रूबेनची खुर्ची करकरली. "फिदेन्सियो, तू कुणाबद्दल बोलतोयस?"

"नाव नाही सांगणार. तुम्हालासुद्धा नाही. आई म्हणाली, ही भीती कधी जाते ते जाऊन विचार, नाही तर मी डोळे मिटायच्या आत पुन्हा घरात पाऊल टाकू नकोस. मी तिला सांगितलं होतं, आई, ते नाव आम्ही तोंडातून काढत नाही. ती बाई माझ्यासाठी देवासमोर खोटं बोलली. आता मी रस्त्यात तिला कोमाद्रे म्हटलं आणि कुणी ऐकलं, तर तिला बेड्या पडतील. अकरा महिने झाले, दॉन रूबेन. घरातसुद्धा म्हणू देत नाही कुणाला. पोरं काय, बाहेर जाऊन बोलतात. चायो एकदा झोपेत बोलली, कोमाद्रे म्हणून, तर मी तिला उठवून बसवलं. तिचं ताट आलं नाताळात, चायो म्हणाली त्यात काहीतरी घालून पाठवू. मी म्हटलं, नको, लोक बघतात कोण कुणाला ताट भरून पाठवतं ते. अन्सेल्मो गेले तेव्हा..." त्यानं नाक पुसलं. "तेव्हा मी मागं उभा राहिलो. कचेरीतला कुणी आला असला तर म्हणून."

आरशामागं एर्मिलानं गॅस बंद केला. कॉफी केव्हाच उतू गेली होती.

"गाढवा," रूबेन म्हणाला. त्याच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये हा एकच शब्द त्याला छान यायचा. "अरे, ती खोटं बोललीच नाही! कायद्याला कोमाद्रे दिसतच नाही. त्यांच्या लेखी ते नातंच नाही. तुम्ही रस्त्यात बँड लावून एकमेकांना कोमाद्रे म्हणा, कोणी येत नाही विचारायला. मी तिला पढवलं होतं सगळं. तुला सांगायला विसरलो." मग बारीक आवाजात, "ही माझी चूक."

"म्हणजे म्हणता येतं?"

"कधीपासून येत होतं."

एर्मिला बाहेर आली. हातात कॉफीची किटली तशीच. फिदेन्सियो ताडकन उठला, टोपी काढली, आणि दोघंही उभे राहिले. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात."

"मी? तुमच्यावर?" त्याला ते खरंच कळेना. "तुम्ही तुरुंगात गेला असतात तर मी आईला कुठल्या तोंडानं सांगितलं असतं?"

रूबेन उगाचच कागद चाळत बसला. फिदेन्सियोनं दार उघडून बाहेर उभ्या गाडीकडे हाक मारली. गाडीतून नोएमी उतरली, दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. वर्षभरात हातभर वाढली होती. ती आत आली आणि एर्मिलाला बघून बापाच्या मागं सरकली.

"नोएमी, या कोण?" फिदेन्सियोनं विचारलं.

पोरगी बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पाठ केल्यासारखं म्हणाली, "सेन्योरा साल्गादो."

"नाही. खरं सांग."

"खरं?"

"हो. तुझ्या कोण या?"

नोएमीनं दाराकडे बघितलं, रूबेनकडे बघितलं, पुन्हा बापाकडे बघितलं. मग त्याचा कोट ओढून त्याला खाली वाकवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात विचारलं, "मोठ्यानं म्हणू?"